खालाजानची बैठक

पहिल्याच दिवशी तिनं मला दंडाला धरून उठवलं होतं.

मी खोली बघायला गेले होते. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत विटांचं एक दुमजली घर. खाली घरमालकीण, वर भाडेकरू. बूट काढून आत पाऊल टाकलं तर सोफा, टीपॉय असलं काही नाही. भिंतींना लागून जाड गाद्या, लोड आणि मध्ये लाल गालिचा. परक्या घरी गेलं की दाराजवळ अंग चोरून बसायचं, हे सोलापुरात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, म्हणून मी दारालगतच्या गादीवर टेकले. तेवढ्यात आतून किटली घेऊन एक उंच, रुंद खांद्यांची बाई आली. तिनं किटली खाली ठेवली, माझा दंड धरला आणि मला थेट समोरच्या भिंतीपाशी, खिडकीखाली नेऊन बसवलं.

“तिथे बसू नकोस,” ती म्हणाली, “ती जागा माझ्या दिराची आहे.”

मला वाटलं, दीर म्हातारे असतील, गुडघे धरत असतील, दारापाशी बरं पडत असेल. अफगाण घरात दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची आणि दाराशी, जोड्यांच्या शेजारची, सर्वांत हलकी, हे मला कळायला बरेच दिवस गेले. तिचे दीर म्हणजे त्यांच्या शिकागोतल्या साऱ्या गोतावळ्याचे कर्ते पुरुष, ज्यांना बघून माणसं उठून जागा देतात, हे त्याहून उशिरा कळलं. आणि ती त्यांना मुद्दाम तिथे बसवते हे कळलं, तेव्हा मी त्या बाईच्या प्रेमातच पडले.

तिला सगळी गल्ली खालाजान म्हणायची, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणायला लागले. काबूल सोडल्यावर काही वर्षं पेशावरला काढल्यामुळे तिला उर्दू येत होतं आणि माझं हिंदी सोलापूरचं. आम्ही दोघी जे काही बोलायचो ते ऐकून लखनौच्या माणसानं कानांवर हात ठेवले असते. इथे ते मराठीत सांगते आहे, म्हणजे दोघींचीही अब्रू राहील.

तर, खालाजानच्या बैठकीचा कायदा उलटा होता. नळ दुरुस्त करायला एक पोलिश माणूस यायचा. त्याचं काम झालं की ती त्याला हात धुवायला लावायची आणि खिडकीखाली नेऊन बसवायची. त्याला मांडी घालता येत नसे. तो पाय लांब पसरून, संकोचून, वेलदोड्याचा हिरवा चहा पीत बसायचा. त्या घरात कप उपडा घातल्याशिवाय चहा थांबत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला तो इतका चहा प्यायला की त्याच्या पुढच्या घरचा नळ गळतच राहिला असणार. पोस्टमन आला की तोही वर, म्हणजे त्या मानाच्या जागी. आणि माझ्या आईच्या ओळखीचे, शिकागोबाहेरच्या नेपरव्हिलचे डॉक्टर काका, चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेले, नावाजलेले सर्जन, ते काकूंबरोबर किराणा घ्यायला डेव्हनला आले आणि मला भेटायला घरी डोकावले, तर खालाजाननं काकूंना वर बसवलं आणि काकांना जोड्यांपाशी.

काकांच्या ते लक्षातही आलं नाही. काकूंच्या मात्र आलं, कारण काकूंच्या लक्षात सगळंच येतं. “अगं, ह्यांना असं दारात काय बसवलं? तुझी लँडलेडी जरा ऑड आहे हं,” त्या जिन्यात माझ्या कानाशी लागल्या. “आमच्या बेसमेंटमध्ये ये ना राहायला. फुल बाथरूम आहे, सेपरेट एन्ट्रन्स आहे. इथे काय करतेस एकटी?”

मी नाही म्हटलं. मला त्या बैठकीची चटक लागली होती.

एकदा मी तिला विचारलं, की हे सगळं कशासाठी? ती कणीक मळत होती. म्हणाली, “माझ्या बाबांच्या घरी त्या वरच्या जागेवर कोण बसायचं सांगू? ज्याला दिवसभर काही काम नाही तो. बसून बसून आम्हा पोरींची लग्नं ठरवायचा.”

तिचे वडील काबूलला न्यायाधीश होते. घराणं मोठं, बाग मोठी, आणि त्याहून मोठं नाक. तिचं लग्न सतराव्या वर्षी सख्ख्या चुलत भावाशी झालं. त्यांच्याकडे लग्नात नवरा-नवरीवर शाल धरतात आणि शालीखाली दोघांसमोर आरसा ठेवतात; दोघांनी एकमेकांचं तोंड पहिल्यांदा त्या आरशात बघायचं. आपला अंतरपाट दूर झाल्यावर जे घडतं तेच, फक्त काचेत. खालाजान ते सांगताना इतकी हसायची की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. “ज्या नाकाचा शेंबूड लहानपणी मी पुसायला लावायचे, तेच नाक आरशात! बायका म्हणतात, लाज, मान खाली घाल. मी मनात म्हटलं, आता ह्याची काय लाज?”

नवऱ्याबद्दल ती वाईट कधी बोलली नाही. तिकडे सरकारी खात्यात अधिकारी असलेला तो माणूस इकडे येऊन टॅक्सी चालवत राहिला, मग वर्षभर अंथरुणाला खिळला आणि एका सकाळी हृदय बंद पडून गेला. “चांगला होता,” ती म्हणायची. “पण मला कोणी विचारलं नव्हतं.” हे वाक्य ती तक्रारीच्या सुरात म्हणत नसे. एखादी वस्तू घरात नाही, एवढंच सांगितल्यासारखं म्हणायची, आणि म्हणून ते माझ्या डोक्यातून जात नसे.

आणखी एक वाक्य तिचं ठरलेलं होतं. तिच्यासमोर कोणी “लोक म्हणतात” असं सुरू केलं, की ती लगेच हात पुढे करायची. “त्या लोकांचा पत्ता दे. मी जाऊन विचारून येते.” मी हसत असे, पण तिचा विनोद नव्हता तो. मशिदीतल्या एका बाईनं सांगितलं की तुझ्या भाडेकरूबद्दल लोक बोलतात, हिंदू आहे, एकटी आहे, रात्रपाळीहून कधीही येते. खालाजान दोन गल्ल्या ओलांडून त्या बाईलाच विचारायला गेली, की बोलणारे कोण? बाईला एकही नाव आठवेना. येताना ती तिच्याकडून पुदिना घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

माझ्या आईशी तिची गट्टी जमली ती व्हिडिओ कॉलवर. माझे बाबा मी दहावीत असताना गेले. त्यानंतर आमच्या घरात बोलायचं काम थोरल्या काकांचं. मी कुठे शिकायचं, घर विकायचं की ठेवायचं, आईनं हळदीकुंकवाला जायचं की नाही, सगळं काकाच सांगत आणि आई “बरं” म्हणत असे. काका माणूस दुष्ट नव्हेत. त्यांनी आम्हाला सांभाळलं. पण ते जिथे बसले असतील तिथे आईचा आवाज बाहेर पडत नसे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात असे. खालाजान फोनमध्ये तोंड घालून आईला विचारायची, “आज क्या पकाया?” आई लाजत “पिठलं” म्हणायची. मग दोघी आपापल्या भाषेत, एकीनं दुसरीला काही न कळू देता, बराच वेळ बोलत. शेवटी आईचं एक वाक्य हटकून यायचं, मी काहीही सांगितलं तरी यायचं, “अगं पण लोक काय म्हणतील?” खालाजान मला विचारायची, हे तुझी आई रोज काय म्हणते? मी अर्थ सांगितला. तिनं कपाळावर हात मारला.

आता हाजीसाहेबांकडे वळलं पाहिजे. तिच्या थोरल्या दिरांना सगळे हाजीसाहेब म्हणत. इस्त्रीचा कोट, चांदीच्या मुठीची काठी, आणि आवाज असा की शेजारच्यांना टीव्ही लावायची गरज नाही. दर शुक्रवारी दुपारी ते भावजयीची चौकशी करायला येत, म्हणजे तिनं काय चुकवलं ते सांगायला. खालाजान त्यांना आदरानं “लाला”, म्हणजे दादा, म्हणायची, त्यांचा कोट काढून घ्यायची आणि दारापाशी बसवायची. पहिल्या वेळी त्यांनी वरच्या जागेकडे बघितलं असेल; पण तिथे पोस्टमन बसला होता, आणि पाहुण्याला उठवणं हे त्यांच्या रिवाजात बसत नाही. पुढे सवयच झाली. शुक्रवारी वर कोणीतरी बसलेलं असायचंच याची काळजी तिनं घेतली.

तिथे बसून ते घराण्याबद्दल बोलायचे. आणि बोलताना नोकल खायचे. नोकल म्हणजे बदामावर साखरेचा थर चढवलेले पांढरे दाणे, आपल्या संक्रांतीच्या हलव्याचे थोरले भाऊ. चहाबरोबर वाटी समोर आली की हाजीसाहेबांचा हात आपोआप चालू होई. “आमचे पणजोबा...” एक बदाम. “त्यांचे वडील कंदाहारला...” दुसरा. अशा रीतीनं ते थेट मूळपुरुषापर्यंत जाऊन पोचले की वाटी रिकामी झालेली असे. आपण खातो आहोत हे त्यांना ठाऊकच नसे.

मी एकदा त्यांची नक्कल केली तेव्हा खालाजान हसली, आणि मग तिनं मला दटावलं. “विमानतळाच्या पार्किंगच्या खोक्यात बसून त्यानं दोन घरं पोसलीत. तिकडे त्याच्या हाताखाली शंभर माणसं होती. ते विसरू नकोस.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “मीही विसरत नाही. म्हणून तर घरात घेते. पण वर बसवणार नाही.”

त्या हिवाळ्यात आणखी एक प्रकार सुरू झाला. शिकागोत बर्फ पडलं की ज्यानं रस्त्याकडेची जागा फावड्यानं साफ केली त्याची ती जागा; तिथे मोडकी खुर्ची, बादली, इस्त्रीचं टेबल काहीतरी ठेवून द्यायचं, दुसरा कोणी गाडी लावत नाही. खालाजानकडे गाडी नव्हती. माझ्याकडेही नव्हती, मी बसनं जायची. तरी ती बर्फ उपसून घरासमोर मोकळी जागा करायची आणि तिथे खुर्ची ठेवायची. खुर्ची कसली, सिंहासन! सोनेरी पायांची, लाल मखमलीची, हाजीसाहेबांनी कधीतरी भेट दिलेली आणि तिनं माळ्यावर टाकलेली. सगळ्या रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्येच ही बर्फात एखादा राजा गेल्यासारखी रिकामी. हाजीसाहेब एकदा ती उचलून आपली गाडी लावायला गेले, तर ती गाऊनवरच बाहेर धावली आणि तिनं त्यांना दोन गल्ल्या पलीकडे पाठवलं.

ती जागा कोणासाठी, हे एका गुरुवारी दुपारी कळलं. सुट्टी होती, मी खिडकीत उभी होते. एक जुनी निळी गाडी आली, त्यातून पांढऱ्या मिशांचा, ठेंगणा माणूस उतरला. त्यानं ती खुर्ची दोन्ही हातांनी हळूच उचलली, मखमलीवरचं बर्फ रुमालानं झटकलं, ती पायरीपाशी नेऊन ठेवली आणि मग गाडी लावली.

तो डेव्हनवरचा न्हावी. अफगाण लोक न्हावी, शिंपी, गवंडी अशा कारागिरांना खलिफा म्हणतात. खालाजानही त्याला खलिफाच म्हणायची. आजारी नवऱ्याची दाढी करायला तो घरी येत असे, तेव्हापासूनची ओळख. बायको गेलेली, मुलं नाहीत. मी खाली गेले तेव्हा तो खिडकीखाली, मानाच्या जागी बसला होता आणि ती कुठल्यातरी मुल्लाची नक्कल करून दाखवत होती. तो हसत होता. आवाज न करता, मिशा हलवत, डोळे पुसत हसत होता.

तो गेल्यावर मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

“काय बघतेस?” ती म्हणाली. “आमच्या घराण्यात बाईच्या विनोदाला पुरुष हसत नाही. इतकी वर्षं मी भिंतींना हसवत होते.”

मग तिनं खरं काय ते सांगितलं. खलिफानं तिला लग्नाचं विचारलं होतं. थेट तिला, याच खोलीत. आणि आता तो रिवाजाप्रमाणे आपल्या थोरल्या बहिणीला न्यू जर्सीहून मागणी घालायला बोलावणार होता. “आधी मला विचारलं,” खालाजान दोनदा म्हणाली. “मग बहिणीला फोन केला. आधी मला.”

यात अडचण काय, हे मला तिनं बोटांवर मोजून दाखवलं. एक तर ती विधवा, म्हणजे सासरची अमानत, त्यांची ठेव. दुसरं, साठीला आलेली आजी. तिसरं सर्वांत मोठं. त्यांच्याकडे न्हाव्याची जात लग्नात ढोल वाजवते आणि बड्या घरची माणसं त्यांच्या पंगतीला बसत नाहीत, मग मुलगी देण्याची गोष्टच सोडा. “आणि खलिफाच्या बापानं माझ्याच लग्नात ढोल वाजवलाय,” ती म्हणाली. “फाटकाबाहेर, रस्त्यावर. आत त्याला कोणी घेतलं नाही.”

नेपरव्हिलच्या काकूंना मी हे फोनवर सांगितलं. मग काकू म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्यातही कास्ट असते? आणि मला वाटायचं फक्त आपल्यातच आहे हा डोक्याला ताप.” त्यांचा आवाज जरा सुटल्यासारखा वाटला. त्या दिवसापासून काकू खालाजानच्या पार्टीत आल्या.

रिवाज असा, की मागणी घालायला मुलाकडच्या बायका येतात. पहिल्या खेपांना मुलीकडचे फक्त चहा देतात, हो नाही की ना नाही. होकार द्यायचा झाला की आतून एक तबक येतं. त्यात नोकल, भरतकामाचा रुमाल आणि मधोमध कागदात गुंडाळलेला पांढऱ्याशुभ्र साखरेचा सुळका, विटेइतका कठीण. मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं पाहुण्यांसमोर त्यातलं तोंड गोड केलं, साखर फोडली, की शब्द गेला. तो मोडणं म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळं. मी तिला आमचा साखरपुडा समजावून सांगितला तेव्हा ती खूश झाली. “तुम्हीही साखरच देता? मग तू शिकलेली आहेस. त्या दिवशी माझ्याकडून तूच बस.”

वधूपक्ष म्हणजे मी! माझं स्वतःचं लग्न ठरत नव्हतं.

“मी बोलू काय?” मी विचारलं.

“काही नाही. वरची जागा धरून बस. उठू नकोस.”

बहीण दोनदा येऊन गेली. काटक, काळ्या चष्म्याची, न्यू जर्सीत शिवणकामाचं दुकान असलेली बाई. तिसऱ्या खेपेला शुक्रवार होता. खालाजान रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात; नवरीनं बैठकीत यायचं नसतं. बहीण आणि मी खिडकीखाली. आणि दार उघडून हाजीसाहेब आले. त्यांना निरोप खालाजाननंच धाडला होता, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला वाटलं, आता सगळं फिसकटलं.

ते काठी टेकत उभे राहिले, वर आम्ही दोघी बसलेल्या बघितल्या आणि सवयीनं आपल्या जागी, जोड्यांपाशी बसले. फोन काढून गालिच्यावर ठेवला. खालाजानचा मुलगा व्हर्जिनियात असतो, तो त्या फोनवर होता.

“मुलगाही ऐकतो आहे,” हाजीसाहेब म्हणाले आणि बहिणीकडे न बघता सुरू झाले. आमचं घराणं कोणतं. आमचे पणजोबा कोण. त्यांच्या दारात हत्ती नसतील पण उंट किती. बहिणीची मान हळूहळू खाली जात होती. मला त्यांची दारी भाषा कळत नव्हती, पण बाईची मान कळत होती. आणि तेवढ्यात मला दिसलं. हाजीसाहेबांच्या उजव्या कोपराशी, चहाच्या किटलीशेजारी, कोणीतरी एक तबक ठेवलं होतं. त्यावर झाकण्याचा रुमाल होता, पण एका बाजूनं दुमडलेला. खालून नोकल दिसत होते.

“आमच्या घरची सून,” हाजीसाहेब म्हणाले, “ढोलवाल्याच्या घरी...” आणि हात आपोआप गेला. एक बदाम. बहिणीनं मान वर केली. “आमचे आजोबा असते तर...” दुसरा बदाम.

बहिणीनं दोन्ही हात जोरात वाजवले. “मुबारक! मुबारक! तोंड गोड झालं!”

हाजीसाहेबांचं तोंड चावता चावता थांबलं. त्यांनी तबकाकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, सुळक्याकडे बघितलं. बदाम गिळताही येईना, थुंकताही येईना. मला हसू आवरेना. मी लोडात तोंड खुपसलं.

पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बदाम गिळून, मिशी पुसून ते थंड आवाजात म्हणाले, “ठीक. मी खाल्लं. मग शब्द देणारा मीच ठरलो. आणि मी तो परत घेतो. काळं लागलं तर माझ्या तोंडाला. या बाईला मागे दुसरं कोण आहे?”

बहिणीचे हात खाली आले. फोनमधून मुलगा म्हणाला, “Mom, please. काका बरोबर बोलतायत. लोक काय म्हणतील, जरा विचार कर.”

तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं. नवरीनं यायचं नसतं तिथे खालाजान आली. हिरवा पोशाख, डोकं झाकलेलं, आणि हातात माझा बत्ता. खलबत्त्याचा लोखंडी बत्ता, आईनं सोलापूरहून बॅगेत कोंबलेला. वरच्या माझ्या स्वयंपाकघरातून तिनं तो कधी नेला मला पत्ताच नव्हता.

ती तबकासमोर गुडघ्यांवर बसली. आवाज चढवला नाही. नंतर तिनं मला त्या दुपारचा प्रत्येक शब्द पुन्हा सांगितला, म्हणून माझ्याकडे तो आहे.

“लाला, मी सतरा वर्षांची होते तेव्हा तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारलं. भाऊ भावाशी बोलला, भावानं भावाला हो म्हटलं. मी आत कांदे चिरत होते. तुमचा भाऊ चांगला निघाला, हे माझं नशीब. वाईट निघाला असता तरी मी कांदेच चिरले असते. आज एका माणसानं मला विचारलं. तुम्हाला नाही, माझ्या मुलाला नाही, मला. मग शब्द तुमचा कसा? तुम्ही तो परत घ्या, खुशाल घ्या. तो तुमचाच होता. हा माझा.”

आणि तिनं बत्ता उचलून घातला. साखरेचा सुळका फुटला तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. खोलीभर पांढरे तुकडे उडाले. एक हाजीसाहेबांच्या मांडीवर जाऊन पडला.

“लोक...” हाजीसाहेब म्हणाले.

“पत्ता द्या,” खालाजान म्हणाली, आणि फोनकडे वळून, “तूही दे. दोघांचे पत्ते एकदमच फिरून येते.”

हाजीसाहेब उठले. जोडे जवळच होते, तेवढा त्रास वाचला. कोट घेऊन ते गेले. मुलानं फोन ठेवला होता. खालाजान गालिच्यावरची साखर वेचत राहिली. मी मदतीला वाकले. “येणार नाही आता पोरगा,” ती म्हणाली. “नातही आणणार नाही.” ती रडली. पण साखर वेचायची थांबली नाही, आणि मोठे तुकडे तिनं बहिणीच्या रुमालात बांधून दिले.

लग्न त्याच खोलीत झालं. तिच्या गोतावळ्यातलं एकही माणूस आलं नाही. पोलिश नळवाला सूट घालून आला, पोस्टमन बायकोला घेऊन आला, काकू पैठणी नेसून आल्या आणि काकांना त्यांनी स्वतःच दाराकडे न्यायला सुरुवात केली तेव्हा खालाजान म्हणाली, आज सगळे वर. ढोल मात्र तिनं मागवला. आत, गालिच्यावर, खिडकीखाली खलिफाच्या पुतण्यानं तो वाजवला.

शाल धरली, आरसा ठेवला. शालीखालून खालाजानचा मोठा आवाज आला, “चष्मा आत राहिला, मला काहीच दिसत नाही!” आणि पाठोपाठ खलिफाचं हसू. या वेळी आवाजासकट. मुल्लाला ते आवडलं नाही.

तेवढ्यात दार उघडलं. मुलगा उभा होता, कडेवर लहान मुलगी, बुटांवर बर्फाचा चिखल. व्हर्जिनियाहून गाडी चालवत आला होता. त्याला पुढे यावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. शालीची कड उचलून खालाजाननं त्याच्याकडे बघितलं.

“तिथेच बस,” ती म्हणाली. “तुझ्या काकाची जागा रिकामी आहे.”

तो निमूटपणे जोड्यांपाशी बसला. नात मात्र खाली उतरून गालिच्यावरून धावत थेट आजीच्या शालीत शिरली, आणि मग खालाजानच्या आवाजात जे काही झालं ते झाकायला ढोल बरा पडला.

पुढे दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. शिकागोबाहेरच्या मंदिराच्या हॉलमध्ये. आई सोलापूरहून आली, आणि सोलापूरच्या थोरल्या काकांचा हुकूमही फोनवरून आला: कन्यादान नेपरव्हिलच्या डॉक्टर जोडप्यानं करावं, आईनं पुढे येऊ नये, बरं दिसत नाही. मी काकांशी भांडले. नेपरव्हिलच्या काकूही त्यांच्याशी भांडल्या. पण आईच “बरं” म्हणाली, तिथे सगळं संपलं. कन्यादान या शब्दाशीही माझं भांडण आहे, पण ते निराळं. त्या दिवशी मला फक्त आई शेजारी हवी होती. ती कुठे गेली म्हणून मान उंचावून बघितलं तर शेवटच्या रांगेत, दारापाशी, चपलांच्या रॅकशेजारी घडीच्या खुर्चीवर बसली होती. साध्या साडीत, हातात माझी पर्स सांभाळत.

खालाजान आणि खलिफा उशिरा आले. पार्किंग मिळालं नसणार. दारात बूट काढताना तिला आई दिसली. फोनवर इतके दिवस बघितलेली, पण प्रत्यक्षात पहिल्यांदाच. तिनं रॅककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पुढे होऊन आईचा दंड धरला.

“अहो, नको, नको,” आई घाबरली. “लोक काय म्हणतील!”

ते वाक्य खालाजानला पाठ होतं. उत्तर तिनं कोणाकडून मराठीत करून घेतलं, मला माहीत नाही; मला काकूंचा संशय आहे. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “पत्ता द्या.”

आई उठली. मग तिनं माझी पर्स खुर्चीवर ठेवली. दोघी रांगांमधून चालत आल्या, एक उंच, एक बुटकी, आणि खालाजाननं आईला माझ्या शेजारच्या पाटावर बसवलं. डॉक्टर काका-काकू आधीच उठून उभे होते.

भटजींनी पोथीतून मान वर केली, पाटावर बसलेल्या आईकडे बघितलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, आणि अडखळत विचारलं, “मग... कन्यादान कोण करणार?”

“मी,” आई म्हणाली.